टवका

खडीचा रस्ता कुणाचंच ऐकत नाही.
समोरून ट्रक आला की इथे सगळेच
एक हात स्टिअरिंगवर ठेवून
दुसऱ्याचा तळवा काचेला टेकवतात,
तापलेल्या पोराच्या कपाळाला टेकवावा तसा.
काच फुटायची तर फुटतेच.
मग माझ्याकडे येतात.

एउसेबियो कुरुमिल मंगळवारी आला.
पिकअप अठ्ठ्याऐंशीची, एक दार दुसऱ्याच गाडीचं.
टवका हरभऱ्याएवढा,
ड्रायव्हरच्या नजरेच्या जरा वर.
म्हणाला, "बुजव. पण सगळा नको."
म्हटलं, "म्हणजे काय?"
"नातू म्हणतो, तो काँडोर आहे.
शाळेपर्यंत चाळीस किलोमीटर
आमच्या पुढे पुढे उडतो.
डोंगर आला की पोरगा सीटवर खाली सरकतो,
पक्षी शिखराच्या वर जातो."

मी गिऱ्हाइकांना एकच सांगते,
सासऱ्यांनी मला सांगितलं तेच:
भरला तरी डाग राहतो.
आधी सुईएवढ्या तोंडातून हवा ओढून घ्यायची,
मग राळ, थेंब थेंब,
मग निळ्या दिव्याखाली दहा मिनिटं.
काचेला माणसाची घाई कळते.
म्हटलं, उद्या ये, वारा पडला की.
असं आपलं म्हणायचं.
पाटागोनियात वारा पडत नाही,
फक्त कूस बदलतो.

रात्री उणे अकरा.
सकाळी त्याने हीटर पुरता सोडला
आणि टवक्यातून तडा निघाला,
थोडा सरळ, मग मेंढ्यांच्या वाटेसारखा
वाकडातिकडा, पार पलीकडच्या टोकाला.
"पक्ष्याला शेपूट फुटलं," म्हणाला.
हसला नाही.

नवी काच कोमोदोरोहून बसच्या पोटातून आली,
दोन ब्लँकेटांत, नऊ दिवसांनी.
जुनीचं रबर मी सालीसारखं सोलत गेले.
खाचेत मेलेले किडे, एक नाणं,
आणि त्याखाली राख.
पांढुरकी. मैद्याहून बारीक.

पलीकडचा ज्वालामुखी फुटला त्या ऑगस्टात
मी सात वर्षांची होते.
भरदुपारी दिवे लावून
तोंडाला ओले फडके बांधून बसलो होतो आम्ही.
एवढंच आठवतं, आणि आईने
रेडिओलाही फडकं गुंडाळलेलं.
त्याच्या सातशे मेंढ्या.
लोकरीत राख, गवतावर राख,
चरून चरून दात झिजलेले.
आकडा त्यानेच सांगितला, न विचारता,
उद्या थंडी आहे म्हणावं तसा.

"राहू दे ना ती तिथेच."
"राहिली तर पाणी शिरेल."
"पाणी आहे कुठे इथे?"
ते खरंच होतं.
तरी मी ब्रश घेतला. काम ते काम.
तो बाहेर जाऊन उभा राहिला,
वाऱ्याकडे पाठ करून, टोपी हातात धरून,
नाहीतर तीही गेली असती.
खाच मी कोरडी केली, पुसली, पुन्हा पुसली.
वरच्या डाव्या कोपऱ्यात
ब्रश पोचत नाही
असं मी ठरवलं.

सोमवारी उरलेले पैसे द्यायला आला,
म्हणजे अर्धं कोकरू, पोत्यात.
शेजारच्या सीटवर नेऊएन, दप्तर मांडीवर.
नव्या काचेवर आतून तळहात उमटलेले,
एक रुंद, त्यात एक बोट अर्धं,
आणि खाली, जिथवर पोचला तिथे, एक छोटा.
म्हणजे वाटेत ट्रक भेटला होता.
मी फडका उचलला, परत ठेवला.

"कशी आहे रे काच?"
पोराने एकदा मान खाली घातली, एकदा वर केली,
सगळा डोंगर समोर लख्ख.
"हिच्यातून काहीच दिसत नाही."

"थोडा दम धर," म्हटलं,
"चाळीस किलोमीटर खडी आहे."